खिडकीकडचे सहा

हातात कापड आलं की रामजी तायडे आधी खिडकी शोधायचे. सून नीलमने नवा ड्रेस दाखवला, तरी तो घेऊन ते गॅलरीत जायचे, उजेडाकडे पाठ करायचे, कापड जरा तिरकं धरायचे आणि म्हणायचे, "चांगला आहे. पण दुकानात तू पाहिलास तो हा रंग नव्हे." नीलम हसायची. दुकानातल्या दिव्याखाली जांभळा म्हणून घेतलेला ड्रेस घरी येईपर्यंत खरंच मरूनकडे झुकलेला असायचा.

सुरतेतल्या पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली होती. बोदवडजवळच्या खेड्यातून बाविसाव्या वर्षी ते सुरतेला आले, ते रंगाचे ड्रम उचलायला. पहिली काही वर्षं त्यांच्या हातांना स्वतःचा रंग असा नव्हताच. नखांच्या कडांत निळा, तळव्याच्या रेषांत मरून. बसमध्ये ते हात खिशात ठेवून उभे राहायचे आणि ब्रेक लागला की पडायचे. लग्नाच्या फोटोत रंभाबाईंचे दोन्ही हात दिसतात, रामजींचे हाराखाली गेलेले आहेत. लाज वाटण्याची सवय त्यांना तेव्हापासूनची होती. पुढे एका म्हाताऱ्या कलर मास्तराने त्यांची नजर हेरली आणि हाताखाली घेतलं. "रंग दिवसाच्या उजेडात ठरतो," मास्तर सांगायचे. "दिव्याखाली दोन रंग भाऊभाऊ वाटतात आणि सकाळी एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत." रामजी शिकले. व्यापारी बोटभर चिंधी आणून टाकायचा आणि रामजी हजार मीटर कापड नेमकं त्या चिंधीसारखं करून द्यायचे. लोक त्यांना रामजी मास्तर म्हणू लागले. हात खिशातून बाहेर आले.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. डिंडोलीतल्या चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा प्रज्ञेश पलसाण्याच्या एका युनिटमध्ये सुपरवायझर, त्याच्या पाळ्या बदलत्या. नात सांची, चौथीत. समोरच्या दारात हंसाबेन, त्यांचा मुलगा, सून आणि सांचीच्याच वर्गातली हेत्वी. हंसाबेनचं घर शाकाहारी, अगदी केकचंही पाकीट उलटून बघणारं. तायड्यांकडे रविवारी मटण शिजायचं तेव्हा समोरचं दार बंद व्हायचं. पण एका पावसाळ्यात हंसाबेन बाथरूममध्ये घसरून पडल्या, घरात कोणी नव्हतं, आणि रामजींनी त्यांना खुर्चीत बसवून शेजाऱ्याच्या मदतीने दोन जिने उतरवून दवाखान्यात नेलं. त्यानंतर रविवारी दार बंद व्हायचं, पण हळू आवाजात.

गोष्ट सुरू झाली ती सांचीच्या आठव्या वाढदिवसाला. नीलमने टेबलाच्या एका बाजूला व्हेज पफ ठेवले, दुसऱ्या बाजूला चिकनचे. मुलांनी क्षणभर पाहिलं आणि जवळजवळ सगळी एका बाजूला गेली. सांची दुसऱ्या बाजूला हातात प्लेट घेऊन फ्रिजपाशी एकटी उभी राहिली. मग तिने आपला पफ परत ट्रेमध्ये ठेवला, जाऊन वेफर्स घेतले आणि सगळ्यांत मिसळली. रामजींनी ते पाहिलं. बसमधले आपले हात त्यांना आठवले.

यंदा नवव्या वाढदिवसाला सांचीला हॉटडॉग हवे होते. मोबाइलवर तिने कुणा बाईला घरी करताना पाहिलं होतं.

"नाव तरी जरा बरं ठेवायचं खायच्या वस्तूचं," रंभाबाई म्हणाल्या.

"आजी, कुत्र्याचं नसतं त्यात!"

"मंग काय असतं?"

"चिकनचं सॉसेज. लांब असतं, पावात ठेवायचं. व्हेजचंपण मिळतं. आजोबा, पण यंदा सगळे सारखेच दिसले पाहिजेत. कोणाचं काय आहे ते कळायला नको."

नीलम म्हणाली, "सगळ्यांनाच व्हेज करू या ना, पप्पा. भानगडच नको."

ही सरळ वाट होती. रामजींनी ती घेतली नाही. "आपल्या घरात, आपल्या पोरीच्या वाढदिवसाला, आपण लपवून खायचं का?" ते म्हणाले. "दोन्ही करू. आणि सारखे दिसतील. ते माझ्यावर सोड."

महिनाभर दर रविवारी प्रयोग चालले. पहिल्या रविवारी त्यांनी सॉसेज उकळत्या पाण्यात टाकले, ते मधोमध फुटले आणि पाण्यावर तुपकट तवंग आला. रंभाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "छत्तीस वर्स पानी तापवलं आन एक सासेज उकडता येईना."

रामजींना ते लागलं, पण पटलंही. मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशीनचं तापमान कधी एकदम चढवत नसत. घाई केली की कापडावर डाग उठतात. पुढच्या रविवारी त्यांनी पाण्याला उकळी आणली, गॅस बंद केला, तिचा जोर ओसरू दिला आणि मग सॉसेज सोडून झाकण ठेवलं. आठ मिनिटांनी ते अखंड, टपोरे निघाले. नंतर तव्याची पद्धत: आधी सुरीने तिरक्या चिरा द्यायच्या, थोडंसं तेल, मंद आच, सतत फिरवत राहायचं, चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा कुरकुरीत होतात. एकदा जाळीवर थेट आचेवर भाजले, भरताच्या वांग्यासारखे; सालीवर फोड आले, घरभर धुराचा वास झाला आणि सांचीने तीन खाल्ले. एकदा इडलीपात्रात वाफवले, शेवटच्या दोन मिनिटांत पावही आत ठेवले. पाव इतके मऊ झाले की रंभाबाईंनी एक नुसताच खाल्ला. मग एका रविवारी उरलेले दोन सॉसेज त्यांनी कुणाला न विचारता काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकले आणि भाकरीबरोबर वाढले. ती चव सगळ्यांत सरस होती हे रामजींनी मान्य केलं. पण रस्सा पावात भरता येत नाही.

शेवटी ठरलं ते असं: आधी बंद गॅसच्या गरम पाण्यात, मग तव्यावर, पाव वाफेवर. राहिला रंग.

चिकनचं सॉसेज गुलाबी होतं. सोयाचं मातकट, ओल्या खाकी कापडासारखं. रामजींनी बीट किसून पिळून रस काढला. बीटाचा रंग उष्णतेत तपकिरी पडतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं. मिलमध्येही रंगाच्या पाण्यात आम्ल घालत. चिमूटभर हळद. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे चिकटू लागले की आच बंद. मग त्यांनी सोयाचे सॉसेज त्यात सोडले आणि दर दोन मिनिटांनी एक काढून खिडकीपाशी नेऊन चिकनच्या शेजारी धरू लागले. चष्मा काढायचे, घालायचे.

"सँपल पास झालं का, मास्तर?" रंभाबाईंनी विचारलं.

"अजून पिवळं मारतंय," रामजी गंभीरपणे म्हणाले.

त्यांचा तो चेहरा बऱ्याच वर्षांनी दिसत होता.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी हंसाबेन स्वतः येऊन गेल्या. व्हेजच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका त्यांनी चष्म्यातून पाहिला, नवीन तवा पाहिला, वेगळा चिमटा पाहिला. गेल्या वर्षी आलेल्या शाकाहारी घरांपैकी कोणाचा क्लास निघाला होता, कोणाकडे पाहुणे येणार होते. त्यांतली येणार होती ती एकटी हेत्वी; बाकीची मुलं सगळं खाणाऱ्या घरांतली होती. "मने तो रामजीभाईनी नजर पर पूरो भरोसो छे," हंसाबेन नीलमला म्हणाल्या. आपल्या नजरेवर कोणी भरोसा ठेवल्याचं रामजींनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं. ते उगाच तवा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं मनासारखं झालं. तव्यावर परतल्यावर दोन्हींवर सारखेच तपकिरी पट्टे उठले. रामजींनी एका मोठ्या ट्रेमध्ये सहा चिकनचे ठेवले, मध्ये फॉइलची उभी घडी घातली, पलीकडे सहा व्हेज. हंसाबेनना वेगळी भांडी वापरण्याचा शब्द दिला होता. पण ट्रे एकच असला तरच ते एकसारखे दिसणार होते, आणि घडी होती की मध्ये.

"पप्पा, व्हेजवाल्यांना टूथपिक लावू का?" नीलमने विचारलं.

"टूथपिक लावल्यावर एकसारखे कसे राहतील?"

"मग कळणार कसं?"

"खिडकीकडचे सहा व्हेज. आणि तेही लक्षात ठेवायला नको. माझ्या डोळ्यांना कळतं." त्यांनी वाकून पाहिलं. दुपारच्या उजेडात व्हेजचा रंग अजून किंचित पिवळ्याकडे होता. इतरांना दिसला नसता. त्यांना दिसत होता, आणि तो तसा आपल्यालाच दिसतो याचं त्यांना सुख वाटत होतं.

संध्याकाळी सातला हॉलमध्ये सांची धरून दहा मुलं होती. प्रज्ञेशने भिंतीवर एलईडीची पट्टी लावली होती, जांभळी-गुलाबी, आणि व्हिडिओ छान यावा म्हणून ट्यूब बंद केली होती. केक कापून झाला. हंसाबेन सोफ्यावर बसल्या होत्या. नीलम स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

रामजी चिमटा घेऊन पुढे झाले आणि थांबले.

हॉलमध्ये ती खिडकी नव्हती. ट्रे उचलताना, वळताना, टेबलावर ठेवताना फिरला होता की नव्हता, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं. फॉइलच्या अलीकडे सहा, पलीकडे सहा, आणि बाराही त्या जांभळ्या प्रकाशात अगदी एका रंगाचे. मास्तर झाल्यापासून जी गोष्ट त्यांनी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितली होती, ती त्यांच्यासमोर बारा तुकड्यांत मांडून ठेवली होती.

"ट्यूब लावा जरा," ते म्हणाले.

"नाही आजोबा! व्हिडिओ चाललाय!" सांची ओरडली.

"दादा, मने पहेलां!" हेत्वीने पाव पुढे केला. ती रामजींना आपल्या आजोबांसारखं दादाच म्हणायची.

सुरी केकशेजारी पडली होती. एक कापून पाहिला असता तर आतलं कळलं असतं. नीलम दोन हातांवर होती; ट्रे कसा धरला होतास, एवढंच विचारायचं होतं. पण हंसाबेन बघत होत्या. शेजारी बसलेल्या कोणा मुलीच्या आईला त्या त्याच वेळी सांगत होत्या, की रामजीभाई रंगाचे मास्तर आहेत, कंप्यूटर चुकेल पण यांची नजर चुकायची नाही. सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, मला ओळखता येत नाही.

ते म्हणाले नाहीत. त्यांनी पलीकडच्या सहांतला एक उचलला आणि हेत्वीच्या पावात ठेवला.

"मस्त छे, दादा," हेत्वी म्हणाली. तिच्या ओठाच्या कोपऱ्याला सॉस लागला होता. सांची तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून खात होती. कोणाचं काय आहे ते कोणालाच कळत नव्हतं.

मुलं खेळायला लागल्यावर रामजी ट्रे घेऊन आत गेले. पलीकडच्या बाजूचे दोन उरले होते. त्यांनी दिवा लावला, दार लोटलं आणि त्यातला एक आडवा कापला. सोयाचं सॉसेज आतून रवाळ असतं, तंतू तंतू सुटणारं. हे गुळगुळीत होतं, पांढरट, एकसंध. त्यांनी दुसराही कापला. मग दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी ठेवले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण ते तळाशी ठेवले.

चार दिवस त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. मिलमध्ये लॉट बिघडला तर कापड परत रंगवता यायचं; अगदीच गेलं तर काळं करायचं, काळ्यात सगळं झाकतं. इथे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. पोरीला काही झालं नव्हतं. ती जिन्यात नाचत होती. तिला माहीत नव्हतं, तिच्या आजीला नव्हतं. ज्याला माहीत होतं तो समोरचं दार उघडण्याचा आवाज आला की आत जायचा.

"काय झालं तुमाले?" रंभाबाईंनी विचारलं. "तोंड असं का करता, उधार मागून आल्यासारखं?"

"पोट ठीक नाही."

"एवढे हाटडाग खाऊन कसं राहील."

पाचव्या दिवशी हंसाबेनने बोलावणं पाठवलं. हेत्वी रोज दादांसारखा हॉटडॉग मागते, मी पाकीट आणलंय, मला शिकवून जा. नाही म्हणायला कारण सापडलं नाही. सकाळी अकराला रामजी समोरच्या घरात गेले. हेत्वी शाळेत होती, मुलगा-सून कामावर. त्या घराच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदाच उभे राहत होते. पूर्वेची मोठी खिडकी, ओट्यावर ऊन. अशा उजेडात काहीही ओळखता आलं असतं.

त्यांनी नीट शिकवलं. पाण्याची उकळी बसू कशी द्यायची, चिरा किती खोल घालायच्या, पाव वाफेवर किती वेळ. हंसाबेन लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्येच "एम? असं का?" म्हणत होत्या. तव्यावरचा एक तयार झाला तेव्हा त्यांनी त्याचा तुकडा मोडून चाखला आणि मान हलवली.

"सरस छे. पण बघा ना, परवा मी एकदा करून पाहिलं, तर हेत्वी काय म्हणते? दादानो टेस्ट अलग हतो. आमच्याकडे तसा येतच नाही." त्या हसल्या. "तुम्ही आत काय टाकलं होतं? आता लपवायचं नाही हं, रामजीभाई."

बीट, व्हिनेगर, हळद. तीन शब्द जिभेवर तयार होते आणि तिन्ही खरे होते.

"बेन," रामजी म्हणाले, "हेत्वीने खाल्लं ते चिकनचं होतं."

हंसाबेनने हातातला उरलेला तुकडा ताटलीत ठेवला. मग बोटं पदराला पुसली, एकेक.

"ट्रे फिरला. बाजू बदलली. माझी चूक झाली."

हंसाबेनने गॅस बंद केला. देव्हाऱ्याकडे पाहून त्या काहीतरी पुटपुटल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. पण वळून बोलल्या तेव्हा आवाज मऊ होता.

"अजाणतां थयुं ने?"

"हं."

"तो भगवान माफ करे. छोकरीने शुं खबर? तुम्ही मुद्दाम थोडंच केलं. बीजो माणस तो कहे ज नहीं. तुम्ही येऊन सांगितलंत, मोठं मन आहे तुमचं." त्यांनी माठातलं पाणी पेल्यात ओतून त्यांच्यासमोर ठेवलं. "हेत्वीला सांगायचं नाही. पोर आहे, मनाला लावून घेईल. पियो, पाणी पियो."

रामजी पाणी प्याले. आता निघता आलं असतं. सगळं संपलं होतं आणि बरं संपलं होतं. उलट वर मोठं मन मिळालं होतं. ते दारापर्यंत गेले, एक चप्पल पायात घातली. मोठं मन. छत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही खराब लॉट चांगला म्हणून पास केला नव्हता, असं ते नेहमी सांगत.

चप्पल काढून ते परत आत आले.

"बेन, अजाणता नव्हतं."

हंसाबेनने वर पाहिलं.

"म्हणजे चिकनचं आहे हे माहीत नव्हतं. पण व्हेजच आहे, हेही माहीत नव्हतं. मला ओळखता येत नव्हतं. देताना मला ठाऊक होतं की मला ओळखता येत नाहीये. तरी दिलं."

"तो पूछ्युं केम नहीं? विचारायचं होतं ना, नीलम तिथेच होती."

"लाज वाटली."

"कोनी लाज?"

रामजी ओट्याकडे बघत राहिले. "तुम्ही सगळ्यांना सांगत होतात ना, यांची नजर चुकत नाही. मग सगळ्यांसमोर कसं म्हणू?"

हंसाबेनचा चेहरा बदलला नाही, फक्त थांबला. चालता पंखा बंद केल्यावर पाती दिसू लागतात, तसा. "म्हणजे तुमची अब्रू," त्या हळू म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या तोंडात ठेवलीत."

त्यांनी तवा गॅसवरून उतरवला.

"तमे जाव हवे, रामजीभाई."

त्यानंतर हेत्वी आली नाही. पहिल्या दिवशी गृहपाठ असेल असं सांचीने धरलं, दुसऱ्या दिवशी बेल वाजवून आली आणि "ती झोपलीय म्हणे" असं सांगत परतली. तिसऱ्या दिवशी दोघी जिन्यात समोरासमोर आल्या, तेव्हा हंसाबेनने हेत्वीचा हात धरून तिला आत नेलं. रागाने नाही, नुसतं नेलं. सांची घरात आली ती ओठ घट्ट मिटून.

संध्याकाळी प्रज्ञेश पाळीवर होता, बाकी सगळे हॉलमध्ये होते. रंभाबाई मेथी निवडत होत्या. "मी तवाच म्हनत होते," त्या म्हणाल्या. "वाढदिवसाले येतीन, गोड बोलतीन. मनातलं थोडंच जातं? आपल्या घरचं पानी चालतं हेच लई झालं त्यास्नी."

"कोणीतरी सोसायटीत बोललं असेल त्यांना," नीलम म्हणाली. "की तुमची पोरगी त्यांच्याकडे जेवते कशी. सगळे सारखेच असतात, आई."

सांचीने आजोबांकडे पाहिलं. "आजोबा, आपण चिकन खातो म्हणून का?"

घरातल्या तिघींच्या तोंडावर एकच भाव होता आणि तो रामजींच्या ओळखीचा होता. तो खोटा नव्हता. त्याच्यामागे बरंच काही खरं होतं: बंद होणारी दारं, भाड्याने खोली बघताना विचारलेली आडनावं, फ्रिजपाशी उभी असलेली ही पोर. आत्ता गप्प बसलं असतं तर तो सगळा खरेपणा आयता त्यांच्या बाजूने उभा राहिला असता. त्यांना कोणी काही विचारलं नसतं. उलट त्यांच्यासाठी सगळ्यांना वाईटच वाटलं असतं.

"नाही," रामजी म्हणाले. "आपण खातो म्हणून नाही. माझ्यामुळे."

आणि त्यांनी सांगितलं. ट्रे, जांभळा दिवा, सुरी, कचऱ्याचा डबा. हंसाबेनकडे आधी अर्धं सांगितलं तेही. सांगताना ते सांचीकडे बघत होते, कारण इतर दोघींकडे बघणं जास्त अवघड होतं. नीलमचा हात तोंडावर गेला. "पप्पा, मला विचारायचं होतं ना. मी ट्रे फिरवून आणला होता, दारातून सरळ येईना म्हणून." रंभाबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"चार दिस पोट दुखत होतं," त्या म्हणाल्या. "ते हे का?"

"हो."

"आन मी इकडं त्या बाईले बोल लावून राहिले." त्यांनी काडी जुडीवर टाकली आणि ताट उचलून आत गेल्या. मेथी निवडायची राहिली होती, तरी गेल्या.

सांचीने आधी समोरच्या दाराकडे पाहिलं. "हेत्वीला माहीत आहे?"

"नाही. तिला सांगायचं नाही असं तिच्या आजीने ठरवलंय. ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही."

"पण उद्या शाळेत ती मला विचारेल. तुझ्याकडे का येऊ देत नाहीत, म्हणेल. मग मी काय सांगू?"

हा विचार रामजींनी केला नव्हता. आपलं ओझं उतरवताना ते कुठे ठेवतो आहोत, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नऊ वर्षांची पोर समोर बसून विचारत होती आणि तिला खोटं बोलायला लावणं किंवा खरं बोलायला लावणं, दोन्ही त्यांच्या हातून झालं होतं.

"सांग, माझ्या आजोबांचं चुकलं," ते म्हणाले. "काय चुकलं विचारलं, तर म्हण, ते तुझ्या आजीला माहीत आहे."

"तुमचं नाव सांगू?"

"माझंच सांग."

सांची उठली, दप्तर ओढून भिंतीपाशी जाऊन बसली आणि वही उघडली. रोज गृहपाठाला ती त्यांच्या मांडीला टेकून बसायची. आज तिने मधली जागा सोडली होती. रामजी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिला जवळ ये म्हणण्याचा हक्क आज आपल्याला नाही, एवढं त्यांना कळत होतं. समोरच्या घरात हेत्वी पाढे म्हणत होती. जिन्यापलीकडून तेराचा पाढा ऐकू येत होता आणि सांची वहीवर पेन टेकवून, न लिहिता, तो ऐकत होती.